मधल्या रोज्यांची गोष्ट

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मला विषय दिला होता 'प्रेरणा'. मी जरा घाबरलेच. प्रेरणादायी बोलणारी माणसं वेगळी असतात. त्यांचे व्हिडिओ तुम्ही रोज सकाळी बघता आणि दुपारपर्यंत विसरता. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि आठवड्यातून दोन दिवस तलाक-पोटगीच्या समुपदेशन केंद्रात बसते. त्यामुळे मी प्रेरणा द्यायला आलेली नाही. ती कधी येते, कधी जाते आणि ती गेलेली असताना माणसं काय करतात, एवढंच बोलणार आहे.

सुरुवात चपलांपासून करते.

माझं लहानपण जिथं गेलं ते घर मशिदीच्या समोर होतं. रमजानमध्ये इशाच्या नमाजनंतर तरावीह सुरू व्हायची, तेव्हा मी आणि माझी धाकटी बहीण खिडकीत बसून मशिदीबाहेरच्या चपला मोजायचो. पहिल्या तीन-चार रात्री चपला पायऱ्या ओलांडून रस्त्यावर यायच्या. दहा-बारा रोजे झाले की त्या पायऱ्यांवर मावायच्या. पंधरा-सोळाव्या रोज्याला तर वरच्या दोन पायऱ्यांतच सगळं आटोपायचं. मग एकविसाव्यापासून पुन्हा भर यायची आणि सत्ताविसाव्या रात्री चपला थेट कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत. आम्हाला वाटायचं, मधल्या दिवसांत लोक गावाला जात असतील. गावाला कुणीच जात नव्हतं, सगळे घरातच असायचे.

तुमच्यापैकी जे तरावीहला जातात ते हसताहेत, म्हणजे अजूनही तसंच आहे. याला धार्मिक कारणं आहेत, शेवटच्या दहा रात्रींचं महत्त्व आहे, हे मला मान्य आहे. पण गोष्ट तेवढीच नाही. ज्यू लोकांचा हनुक्का नावाचा आठ रात्रींचा सण असतो, रोज रात्री मेणबत्त्या लावायच्या. शिकागोच्या दोन संशोधक स्त्रियांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना विचारलं होतं, कोणत्या रात्री मेणबत्त्या लावल्या? पहिल्या आणि शेवटच्या रात्री लावणारे जास्त, मधल्या रात्री कमी. धर्म वेगळा, देश वेगळा, तरी चपलांचा हिशोब सारखाच.

आता थोडं शास्त्र. कंटाळू नका, उंदरांची गोष्ट आहे.

क्लार्क हल नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ येल विद्यापीठात होते. १९३२ साली त्यांनी एक कल्पना मांडली आणि पुढे उंदरांवर तपासली. चाळीस फुटांची सरळ वाट, टोकाला खाणं. उंदीर सोडायचा आणि कोणत्या टप्प्यात तो किती वेगानं पळतो ते मोजायचं. दिसलं असं, की खाणं जवळ येत जाईल तसा उंदराचा वेग वाढत जातो. सुरुवातीला थकवा नसतो, तरी तो सावकाश. शेवटी तो पळून आलेला असतो, तरी वेगात. म्हणजे वेग पायातल्या ताकदीवरच ठरत नाही, किती अंतर उरलंय त्यावरही ठरतो. मानसशास्त्रात याला 'गोल ग्रेडियंट' म्हणतात. आपण साध्या भाषेत 'ध्येयाचा उतार' म्हणू. उतारावर सायकल आपोआप पळते, तसं.

माणसांचं काय? २००६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या आवारातल्या कॅफेत एक प्रयोग झाला. कॉफीचं कार्ड. दहा कॉफ्या घ्या, दहा शिक्के मिळवा, पुढची कॉफी फुकट. कार्ड भरत आलं तसे लोक दोन कॉफ्यांमधले दिवस कमी करू लागले. मग संशोधकांनी एक गंमत केली. काहींना दहा घरांचं कोरं कार्ड दिलं आणि काहींना बारा घरांचं, पण त्यात दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही दहाच कॉफ्या घ्यायच्या होत्या. तरी दोन शिक्केवाल्यांनी कार्ड साधारण तीन दिवस आधी पूर्ण केलं. त्याच वर्षी दुसऱ्या दोन संशोधकांनी गाड्या धुण्याच्या सेंटरवर तीनशे कार्डं वाटून असाच प्रयोग केला. आठ घरांचं कोरं कार्ड ज्यांना मिळालं त्यांतल्या १९ टक्क्यांनी ते पूर्ण केलं. दहा घरांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं कार्ड ज्यांना मिळालं, त्यांतल्या ३४ टक्क्यांनी. काम तेवढंच, पण 'आपण निघालो आहोत' असं वाटणं आणि 'आपण अजून दारातच आहोत' असं वाटणं, यात एवढा फरक.

हे ऐकून तुम्हाला मोबाइल आठवला असेल. 'तुमचं प्रोफाइल ७० टक्के पूर्ण झालंय.' सलग दिवस मोजणारी ती आग. एक रात्र चुकली की सगळं शून्य, म्हणून अर्ध्या झोपेत उठून मेसेज टाकणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. उंदराचं खाणं कुठं ठेवायचं हे ज्यांना कळलं, त्यांनी ते आपल्या खिशात ठेवून दिलंय. म्हणून ही गोष्ट माहीत असायला हवी. नाहीतर तुमच्या धावण्याची दिशा दुसराच कुणी ठरवतो.

पण मला मधलं अंतर जास्त महत्त्वाचं वाटतं. हलचा उंदीर जवळ आल्यावर पळतो, ठीक. पण माणूस सुरुवातीलाही उत्साहात असतो. नवी वही, नवा क्लास, पहिला रोजा. खड्डा मध्ये पडतो. असं का, याचं एक साधं उत्तर गणितात आहे. २०११ सालच्या एका संशोधनात ते मांडलंय, मी माझ्या पद्धतीनं सांगते.

समजा दहा पेपर द्यायचेत. एक झालाय आणि दुसरा दिला. झालेलं काम दुप्पट झालं! मस्त वाटतं. आता उलट टोकाला या. दोन उरलेत आणि एक दिला. उरलेलं काम निम्मं झालं! मस्त वाटतं. आता मध्ये या. पाच झालेत, पाच उरलेत, आणि सहावा दिला. मागे बघाल तर झालेलं काम फक्त पाचव्या हिश्श्यानं वाढलं. पुढे बघाल तर उरलेलं फक्त पाचव्या हिश्श्यानं कमी झालं. मेहनत तेवढीच केली, पण दोन्हीकडे बघून काही झाल्यासारखं वाटत नाही. किनारा मागेही दिसत नाही आणि पुढेही. आपण म्हणतो, "माझं मनच लागत नाही." मन नेहमीसारखंच असतं, फक्त आपण मध्ये पोहोचलेलो असतो.

हे वाक्य मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझी सहा वर्षं वाचली असती.

मी बी.ए.चं दुसरं वर्ष दिलं आणि शिक्षण सोडलं. नापास झाले नव्हते. घरात मोठं भांडण झालं नव्हतं, कुणी दार लावून घेतलं नव्हतं. आमचे अब्बा लूमवर कामाला होते, त्या वर्षी धंदा मंदीत होता, पण फी भरण्याइतके पैसे अम्मीनं बाजूला ठेवले होते. पहिल्या वर्षी घरात कौतुक होतं. खानदानात कॉलेजला गेलेली पहिली मुलगी म्हणून मामू मिठाई घेऊन आले होते. दुसऱ्या वर्षी ते कौतुक संपलं आणि डिग्री अजून लांब होती. मग एकेक वाक्य कानावर यायला लागलं. खाला म्हणाली, "क्या करती और पढ के?" भाऊ म्हणाला, "निकालात साठ टक्के नाहीत तर पुढे काय उपयोग?" एक बरं स्थळ आलं. मी स्वतःच म्हणाले, राहू दे. कुणी जबरदस्ती केली नाही. हेच मला आज जास्त बोचतं.

तुम्ही आपल्या आजूबाजूच्या मुलींचा हिशोब करून बघा. बारावी झाल्याबरोबर सगळ्यांचं लक्ष असतं. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला घरातले म्हणतात, "आता एकच वर्ष राहिलंय, होऊन जाऊ दे, मग बघू." स्थळ थांबतं. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलीचं स्थळ थांबत नाही. मुलांचंही तेच. गॅरेज, दुकान, आखाती देशातल्या नोकरीचा फोन, हे दुसऱ्या वर्षातच येतं. सच्चर समितीनं २००६ साली सांगितलं की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधून गळाली. गळतीमागे गरिबी आहे, शाळा लांब असणं आहे, भेदभाव आहे. ते सगळं सरकारला आणि समाजाला विचारलंच पाहिजे, मानसशास्त्राच्या आड त्याला लपवायचं नाही. पण जिथं फी आहे, कॉलेज आहे आणि तरी पाय थांबतो, तिथं मधल्या खड्ड्याकडेही बघायला हवं. संकट आलं की माणूस मध्येच आधी सोडतो, कारण धरून ठेवायला तिथं हाताला काही लागत नाही.

सहा वर्षांनी, मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर, मी एका कागदासाठी जुन्या कॉलेजच्या ऑफिसात गेले होते. तिथल्या क्लार्क बाईंनी माझी मार्कशीट उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "अहो, तुमची दोन वर्षं झालीत की. बाहेरून तिसऱ्याला बसा." मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात मी 'शिक्षण सोडलेली बाई' होते, म्हणजे कोरं कार्ड. त्या बाईंनी मला दोन शिक्के दाखवले. ते शिक्के कुणी फुकट दिलेले नव्हते, माझेच होते, मी विसरले होते. घरी येताना मी रिक्षात मोजत होते. सहा पेपर. फक्त सहा पेपर.

आता आपल्या चळवळीकडे येते, कारण तुम्ही इथं बसलाय ते एका लांब वाटेवर.

१८ एप्रिल १९६६. मुंबईत विधानभवनावर हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा गेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा. सात जणी. पहिला शिक्का. १९७० च्या मार्चमध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. १९७७ च्या मे महिन्यात दलवाई गेले, वय अवघं ४४. आणि तोंडी तीन तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्दबातल ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, शायरा बानो खटल्यात, पाच न्यायमूर्तींच्या पीठात तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं. सात बायका ते तो निकाल, हे अंतर ५१ वर्षांचं.

आता माझं गणित लावा. या वाटेचा बरोबर मध्य कुठं येतो? १९९१ च्या अखेरीस. पुढच्याच डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली. ज्या मोहल्ल्यात लोक रात्र जागून घर राखताहेत, तिथं जाऊन म्हणायचं की बाबांनो, तलाकच्या कायद्याबद्दल बोलू या? लोक म्हणणार, आत्ता? आणि बाहेरचे काही लोक तुमचाच मुद्दा उचलून तुमच्याच समाजाला झोडपायला वापरणार. दोन्हीकडून मार. बरं, आज आपल्याला माहीत आहे की तो मध्य होता. तेव्हा चालणाऱ्यांना हेही माहीत नव्हतं. उंदराला खाण्याचा वास तरी येत होता. यांना पुढे पाच वर्षं आहेत की पाचशे, कळत नव्हतं.

त्याआधी एकदा ध्येय अगदी जवळ आल्यासारखं वाटलंही होतं. एप्रिल १९८५ मध्ये शाहबानोंच्या बाजूनं निकाल लागला. इंदूरची साठी ओलांडलेली बाई, आणि महिना १७९ रुपये २० पैसे पोटगीचा प्रश्न. त्याच वर्षी सत्यशोधकांचा तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरकडे निघाला, वाटेत ठिकठिकाणी विरोध सोसला. आणि १९८६ मध्ये संसदेनं नवा कायदा करून तो निकाल निष्प्रभ केला. त्या कायद्याचा अर्थ तलाकशुदा बाईच्या बाजूनं लागायला २००१ चा डॅनियल लतिफी खटल्याचा निकाल यावा लागला. पोहोचलो पोहोचलो म्हणताना पंधरा वर्षं मागे. अशा वेळी किती जण सोडून गेले असतील, याची यादी कुणी ठेवत नाही. जे राहिले, त्यांची नावं आपण घेतो. सय्यदभाई पुण्यात राहिले आणि एकेका तलाकपीडित बाईचं घर गाठत राहिले. मेहरुन्निसा दलवाई पतीच्या पश्चात चाळीस वर्षं या कामात राहिल्या. मे २०१७ मध्ये शायरा बानो खटल्याची सुनावणी संपली, निकाल राखून ठेवला गेला. जूनमध्ये मेहरुन्निसाभाभी गेल्या. निकाल ऑगस्टमध्ये आला.

मला हे कितीदा तरी आठवतं. आपण म्हणतो, "अरेरे, दोन महिने आधी गेल्या." पण जरा विचार करा. ज्या बाईनं चाळीस वर्षं शेवटचा शिक्का दिसत नसताना काम केलं, तिची प्रेरणा शेवटच्या शिक्क्यावर उभी नव्हती. ती समोर बसलेल्या बाईवर उभी असणार. आज हिच्या मुलाची फी, उद्या तिच्या मेहेरचा वाद. ज्या कामाचा शेवट दिसत नाही, तिथं रोजच्या कामाला रोजचा शेवट द्यावा लागतो.

आता एक चूक सांगते, माझी. नावगाव सांगणार नाही.

काही वर्षांपूर्वी केंद्रात एक मुलगी आली होती, पंचविशीतली, कडेवर बाळ. नवऱ्यानं फोनवर तलाक दिला होता. पहिल्या दिवशी आम्ही सगळे तिच्याभोवती. वकील मिळाले, अर्ज लिहिला, कोर्टात पहिल्या तारखेला आम्ही चौघी बरोबर गेलो. तात्पुरत्या पोटगीचा आदेश झाला, आम्ही पेढे वाटले. मग तारखा सुरू झाल्या. साहेब रजेवर, समोरचा वकील आजारी, नोटीस परत आली. तिसऱ्या तारखेला आम्ही दोघी होतो, सातव्या तारखेला एक, आणि मग ती एकटीच. आम्ही वाईट नव्हतो. केंद्रात नव्या बायका येत होत्या, नव्या केसची धावपळ होती. आम्हाला वाटायचं, निकाल जवळ आला की ती सांगेल, मग पुन्हा सगळ्या जाऊ.

एक दिवस कळलं, तिनं तडजोड करून केस मागे घेतली. मिळालेली रक्कम इतकी कमी होती की मी ती इथं सांगत नाही. मी फोन केला, जरा चिडूनच. म्हटलं, "बेटा, थांबायचं ना थोडं." ती म्हणाली, "आपा, किती थांबायचं ते तुम्ही सांगितलं नाही. आणि तुम्ही पण आला नाहीत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही संघटना म्हणून पहिल्या आणि सत्ताविसाव्या रोज्याच्या नमाजी झालो होतो. मधल्या रोज्यांना ती एकटी होती.

त्यानंतर आम्ही केंद्रात एक साधी वही केली. प्रत्येक केसच्या चौथ्या तारखेपासून पुढे, कोण बरोबर जाणार त्याचं नाव आधी लिहायचं. पहिल्या तारखेसाठी नाव लिहायची गरजच नसते, तिथं सगळे येतात. त्या मुलीला या वहीचा काही उपयोग झाला नाही, हेही सांगते. पण आज मला विचाराल की संघटना कशासाठी असते, तर मी म्हणेन, माणूस मध्ये असताना त्याला हाक मारण्यासाठी. निघताना आणि पोहोचताना माणूस एकटाही धावतो.

पैशांचंही असंच असतं. मदतनिधी गोळा होताना तो पुरा होत आला की देणाऱ्यांचा हात सैल होतो, हे इंटरनेटवरून छोटी कर्जं देणाऱ्या किवा या संस्थेच्या आकड्यांतही दिसलंय. आपण दिलेल्या पैशानं काम पूर्ण झालं, हे समाधान मोठं असतं. पण निधी चाळीस टक्क्यांवर अडकलेला असताना जो पाचशे रुपये देतो, त्याचे पाचशे जास्त मोलाचे. मोहल्ल्यात मुलींच्या फीसाठी वर्गणी निघाली तर हे लक्षात ठेवा.

एक सावधगिरीही सांगते. ध्येय जवळ आलं म्हणजे सगळं शुभच, असं नाही. इफ्तारच्या आधीची दहा मिनिटं रस्त्यावर उभं राहून बघा. एरवी शहाणा असलेला माणूस सिग्नल तोडून घराकडे सुटतो. खजूर पाच मिनिटं उशिरा खाल्ला तर काय बिघडणार असतं? पण जवळ आलेलं टोक माणसाला खेचतं. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर असंच झालं. परत फिरायची ठरलेली वेळ उलटली तरी शिखर समोर दिसतंय म्हणून काही जण चढत राहिले. वादळ आलं, पर्वतावर आठ जण गेले. त्यांत आपल्या इंडो-तिबेटियन दलाचे तिघे होते. म्हणून जी मुलं स्पर्धा परीक्षेत "फक्त दोन मार्कांनी गेलं" म्हणून सहावा, सातवा प्रयत्न करताहेत, त्यांना माझं सांगणं आहे: परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा. जवळ आल्यावर ती ठरवता येत नाही. परत फिरलेला माणूस हरलेला नसतो, तो दुसऱ्या वाटेवर निघायला जिवंत असतो.

आणि मध्ये असताना दुसरा धोका, उरकण्याचा. मघाशी ज्या अभ्यासाबद्दल बोलले, त्यातच लोकांना कात्रीनं कागदावरचे आकार नीट कापायला दिले होते. पहिला आकार नीट, शेवटचा नीट, मधल्यांचे कोपरे ओबडधोबड. मध्ये कुणी बघत नाही, असं आपल्यालाच वाटतं. दुसऱ्या वर्षाची जर्नल्स कॉपी करून कोण लिहितं ते मला माहीत आहे, हसू नका.

आणि ध्येय गाठल्यावर काय होतं? कॉफीवाल्यांनी तेही बघितलं. फुकट कॉफी मिळाली की दुसऱ्या कार्डाची सुरुवात पुन्हा सावकाश. २०१७ नंतर आपलंही झालं. निकाल आला, २०१९ मध्ये कायदा आला, टीव्हीवर चर्चा झाल्या, आणि अनेकांना वाटलं काम संपलं. त्या कायद्यात नवऱ्याला तुरुंगात टाकायची तरतूद असावी का, यावर आपल्यातच मतभेद आहेत, असू द्या. पण तोंडी तलाक न देता बायकोला नुसतं माहेरी सोडून देणारे नवरे मला केंद्रात दिसतात. बहुपत्नीत्वाचा प्रश्न त्या निकालानं सोडवलेला नाही. मुलीच्या वारसा हक्काचा हिस्सा कुराणात आहे आणि सात-बाऱ्यावर नाही. ही नवी कार्डं आहेत आणि ती अगदी कोरीही नाहीत. ५१ वर्षांचे शिक्के मारून ठेवलेले आहेत.

शेवटी, उद्यापासून काय करायचं, ते चार वाक्यांत.

सुरुवातीला असाल तर काय झालंय ते मोजा. "एकच सेमिस्टर झालं" म्हणू नका, "एक सेमिस्टर झालं" म्हणा. शेवटाकडे असाल तर काय उरलंय ते मोजा. म्हणजे कुठूनही बघा, लहान आकड्याकडे बघा. फिशबाख आणि कू या संशोधकांचं म्हणणं हेच आहे.

मध्ये असाल तर मध्य छोटा करा. तीन वर्षांच्या डिग्रीला एकच मध्य असतो आणि तो वर्षभराचा असतो. तिचे महिन्यांचे तुकडे केलेत, तर प्रत्येक मध्य आठवड्याचा होतो. आठवडा निभावता येतो.

मन लागत नाही म्हणून स्वतःला आळशी, नालायक ठरवू नका. आधी विचारा, मी वाटेवर कुठं आहे?

आणि चौथं. आज घरी जाण्याआधी मोबाइलमधलं एक नाव शोधा. जी मैत्रीण दुसऱ्या वर्षात आहे, जो मित्र अर्ध्यात कोर्स सोडायच्या बेतात आहे, जिची कोर्टात सहावी तारीख आहे. प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही अभिनंदन केलं होतं, निकाल लागला की पुन्हा कराल. आज काही विशेष नसताना फोन करा. एवढंच विचारा, "कसं चाललंय?"

मी तिसऱ्या वर्षाचे सहा पेपर दिले तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. परीक्षेला जाताना अम्मी दारात उभी राहायची आणि रोज एकच विचारायची, "कितने बाकी?" पाच. चार. तीन. तिला अभ्यासातलं काही कळत नव्हतं, क्लार्क हल तर नाहीच नाही. ती फक्त मोजत होती. दुसऱ्या वर्षी तिनं किंवा कुणीही हे विचारलं असतं, तर कदाचित मी थांबले नसते.

तुम्ही विचारा. खुदा हाफिज.